आइराईच्या खाडीतला गाळ आणि तो मोजणारी माणसे

पलाऊ हे पश्चिम प्रशांत महासागरातले बेटांचे प्रजासत्ताक आहे. त्याची लोकसंख्या जेमतेम १८ हजार, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाहूनही कमी आहे, पण एवढ्याशा देशात १६ राज्ये आहेत आणि प्रत्येक राज्यात निवडून आलेल्या कारभाऱ्यांच्या जोडीला परंपरेने चालत आलेले प्रमुखही आहेत. १ ऑक्टोबर १९९४ रोजी स्वतंत्र झालेल्या या देशाने पुढच्या २५ वर्षांत सागरी संवर्धनात जे केले, त्याचे कौतुक जगभर झाले. त्या कौतुकात बहुधा कायदे, राष्ट्राध्यक्ष आणि संरक्षित क्षेत्राचे चौरस किलोमीटर यांचाच उल्लेख असतो. या प्रकरणाचा विषय त्यामानाने लहान आहे. केवळ ३ चौरस किलोमीटरची एक खाडी, तिच्यात साचणारा गाळ आणि तो मोजायला शिकलेले त्याच देशाचे दोन-चार संशोधक एवढीच त्याची व्याप्ती आहे. स्थानिक संशोधक घडवणे म्हणजे नेमके काय करणे, हे मला मोठ्या कायद्यांपेक्षा या खाडीत अधिक स्पष्ट दिसते.

संशोधनाची जुनी रीत

पलाऊच्या समुद्राचा अभ्यास नवा नाही. बेटे जपानच्या ताब्यात असताना, १९३४मध्ये, कोरोर या तिथल्या मुख्य शहरात उष्णकटिबंधीय जीवशास्त्राचे केंद्र स्थापन झाले आणि युद्धाची झळ लागेपर्यंत, म्हणजे १९४३पर्यंत, तेथे जपानी शास्त्रज्ञांनी प्रवाळांवर मोलाचे काम केले. प्रवाळाच्या शरीरक्रियांविषयीच्या आजच्या ज्ञानाचा काही पाया या केंद्रात घातला गेला. मात्र ते ज्ञान जपानी नियतकालिकात छापले गेले, केंद्र बंद झाल्यावर शास्त्रज्ञ मायदेशी परतले आणि बेटावर त्या कामातले फारसे काही उरले नाही.

१९७०च्या दशकात रॉबर्ट जोहानेस हा सागरी जीवशास्त्रज्ञ येथे आला, तेव्हा त्याने उलट वाट धरली. मच्छीमारांना माहिती देण्याऐवजी तो त्यांच्याकडून शिकत राहिला. कोणता मासा कोणत्या महिन्यात, चंद्राच्या कोणत्या तिथीला आणि खडकाच्या कोणत्या तोंडाशी अंडी घालायला जमतो, हे त्यांनी त्याला सुमारे ५५ जातींबाबत सांगितले. चांद्रचक्राने अंडी घालणाऱ्या जितक्या जातींची नोंद तोवर जगभरच्या शास्त्रीय साहित्यात होती, त्याच्या दुपटीहून ही संख्या जास्त होती. भांग आणि उधाण यांवर ज्यांचा दिवस बेतलेला असतो, त्या कोकणातल्या माणसाला याचे फारसे नवल वाटणार नाही. परंतु एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. जोहानेसने पलाऊच्या लोकांना ज्ञाते म्हणून प्रतिष्ठा दिली, तरी लिहिणारा हात बाहेरचाच राहिला.

येथे आणखी एक जुनी व्यवस्था होती. एखाद्या खडकावरची मासळी कमी झाली की प्रमुखांची सभा तो खडक ठरावीक काळ बंद करी. या बंदीला ‘बुल’ म्हणतात. बंदी कुठे आणि किती दिवस, हे अनुभवावरून ठरे. मासळी परत आली की नाही, हे मच्छीमाराला गळ टाकताच कळत असल्याने आकड्यांवाचून कोणाचे काही अडत नव्हते. जो बिघाड गळाला कळत नाही, तो पुढे आला तेव्हा मात्र आकड्यांची गरज भासली.

केंद्राची स्थापना

१९९८ साली समुद्राचे पाणी तापल्याने पलाऊचे प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरे पडून मेले. त्याच वर्षी पलाऊ आंतरराष्ट्रीय प्रवाळ केंद्राचा कायदा झाला आणि जानेवारी २००१मध्ये कोरोर येथे केंद्र सुरू झाले. कल्पना अमेरिका आणि जपान यांच्या सहकार्य-कार्यक्रमातून निघालेली होती आणि इमारतीला जपानची मदत मिळाली. म्हणजे सुरुवात पुन्हा बाहेरूनच झाली. फरक इतकाच, की केंद्र पलाऊच्या कायद्याने बांधलेले होते आणि त्याच्या संशोधन विभागात पलाऊचे तरुण होते. यिम्नांग गोल्बू आणि स्टीव्हन व्हिक्टर ही त्यांपैकी दोन नावे.

त्यांनी प्रथम जे काम हाती घेतले ते दिसायला अगदी नीरस होते. देशभरच्या खडकांवर कायमच्या जागा निश्चित करून ३ मीटर आणि १० मीटर अशा दोन खोलींवर ठरावीक वर्षांनी तीच पाहणी करायची. पाणबुड्या तळाशी ५० मीटरची फीत पसरतो, फितीच्या कडेने दर मीटरवर ठरावीक उंचीवरून एक छायाचित्र घेतो आणि पुढे सरकतो. किनाऱ्यावर आल्यानंतर प्रत्येक छायाचित्रावर संगणक काही ठिपके सोडतो आणि प्रत्येक ठिपक्याखाली काय आहे, जिवंत प्रवाळ, मेलेला प्रवाळ, शैवाल, वाळू की आणखी काही, हे माणसाने ओळखून नोंदवायचे असते. असे शेकडो ठिपके ओळखताना डोळे थकतात, आणि दोन वर्षांनी तेच काम नव्याने करावे लागते. तीन वर्षांच्या अनुदानावर आलेला परदेशी संशोधक हे काम एकदा करतो आणि त्यावर लेख लिहितो. तिसऱ्यांदा आणि पाचव्यांदा ते करण्यात त्याला रस नसतो, कारण पाचव्या पाहणीत क्वचितच काही नवे सापडते. १९९८नंतर कोणता खडक सावरला आणि कोणता नाही, डिसेंबर २०१२च्या बोफा आणि नोव्हेंबर २०१३च्या हैयान या वादळांनी पूर्वेकडच्या खडकांचे काय केले, हे पलाऊला सांगता आले याचे कारण ही पाहणी मध्येच थांबली नाही.

खाडीचा प्रश्न

आता आइराईकडे वळू. बाबेलदाओब हे पलाऊचे सर्वांत मोठे बेट ज्वालामुखीतून बनलेले आणि तांबड्या, सहज वाहून जाणाऱ्या मातीचे आहे. त्याच्या दक्षिण टोकाला आइराई राज्य आहे. कोरोरला जोडणारा पूल तेथेच, विमानतळही तेथेच, त्यामुळे कोरोरमध्ये जागा अपुरी पडू लागली तशी घरे, रस्ते आणि शेती आइराईच्या बाजूला सरकली. त्याच सुमारास बाबेलदाओबला वेढणारा सुमारे ८५ किलोमीटरचा रस्ता अमेरिकेबरोबरच्या कराराखाली बांधला जात होता आणि डोंगर कापले जात होते. खाडीत ङेरिकील नदी येते. (ङ हे अक्षर आपल्या वर्णमालेत पाठ करण्यापुरते उरले आहे, पलाऊच्या भाषेत मात्र कित्येक शब्दांची सुरुवातच त्याने होते.)

गावातल्यांना पाणी गढूळ झालेले दिसत होते आणि खाडीतले प्रवाळ कमी झालेलेही माहीत होते. परंतु गढूळ पाणी पावसाळी प्रदेशात नेहमीचेच. गाळ येतो आणि ओहोटीबरोबर निघून जातो, असे कोणी म्हटले असते तर त्याला खोटे ठरवणारा पुरावा कोणाकडे नव्हता. नेमका हाच प्रश्न केंद्राच्या संशोधकांनी घेतला: गाळ येतो किती, आणि जातो कुठे?

बाहेरचा प्रवाळतज्ज्ञ पलाऊला येतो तो पाचूसारख्या पाण्यातल्या खडकांसाठी. चिखलाने भरलेल्या, हात लांब केला तर बोटे दिसू नयेत अशा खाडीत बुडी मारायला तो आपणहून येईल, असे मला वाटत नाही. प्रश्न कोणी निवडला, याला या प्रकरणात उत्तराइतकेच महत्त्व आहे.

मोजमापाची पद्धत समजायला अवघड नाही. पूर आल्यावर नदीच्या मुखापासून खडकापर्यंत ठिकठिकाणचे पाणी घ्यायचे, ठरावीक पाणी गाळणकागदातून ओढून घ्यायचे, कागद वाळवून पुन्हा तोलायचा आणि कोऱ्या कागदाचे वजन वजा करायचे. उरते ती माती. जोडीला गढूळपणा सतत नोंदवणारी यंत्रे पाण्यात ठेवायची आणि प्रवाहाचा वेग मोजायचा. अडचण वेळेची असते. ङेरिकीलचा पूर अल्पजीवी आहे. तो येतो, काही काळ नदी तांबडी होते आणि ओसरतो. विमानाचे तिकीट काढून येणाऱ्याला तो बहुधा गाठता येत नाही, तर पुलापलीकडे राहणाऱ्याला पाऊस कोसळू लागताच होडी काढता येते.

निष्कर्ष २००३मध्ये प्रसिद्ध झाले. खाडीचे पाणलोट क्षेत्र अवघे २६ चौरस किलोमीटर आहे आणि पाऊस वर्षाला सुमारे ३.७ मीटर, म्हणजे कोकणात चार महिन्यांत पडतो त्याहून थोडा अधिक, पण वर्षभर विभागलेला. पुरात एका लिटर पाण्यात १,५०० मिलिग्रॅमहून जास्त बारीक माती आढळली. गढूळ, निमखाऱ्या पाण्याचा सुमारे २ मीटर जाडीचा थर खाडीवर तरंगत राहतो आणि नदी शांत झाल्यानंतरही ते पाणी खाडीत सुमारे सात दिवस रेंगाळते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नदीने आणलेल्या बारीक गाळापैकी सुमारे ९८ टक्के गाळ खाडीतच बसतो. त्यातला १५ ते ३० टक्के भाग कडेच्या कांदळवनात अडकतो आणि उरलेला तळावर, म्हणजे प्रवाळांवर पसरतो. खाडी मोठ्या लाटांपासून सुरक्षित आहे आणि भरती-ओहोटीचा प्रवाह मंद आहे, त्यामुळे एकदा बसलेला गाळ पुन्हा उचलला जात नाही. होड्यांना निवारा देणारी शांतताच प्रवाळांच्या मुळावर आली होती. प्रवाळांची जागा शैवाल घेत होते आणि काही ठिकाणी चिखलाचे नवे उंचवटे तयार होऊ लागले होते.

पाठोपाठ २००४मध्ये दुसरा अभ्यास आला. त्यात ङेरिकीलच्या जोडीला बाबेलदाओबवरचीच ङेरदोर्च ही नदी घेतली होती. दोन्ही मुखांशी कांदळवन होते, पण ङेरदोर्चच्या पाणलोटात जमीन फारशी फोडलेली नव्हती. ङेरिकीलमधून दर चौरस किलोमीटरमागे वाहून येणारी माती ङेरदोर्चच्या अनेक पट निघाली. दोन्हीकडे कांदळवनाने नदीच्या गाळापैकी सुमारे ३० टक्के गाळ अडवला. कांदळवन आपले काम दोन्हीकडे सारखेच चोख करत होते, फरक पडत होता तो डोंगरावर. हे कांदळवनच तोडले तर तेवढा गाळ थेट प्रवाळांवर जाणार, हे सांगायला आता कोणा तज्ज्ञाची गरज उरली नव्हती.

लेखकांच्या नावांचा क्रम

या दोन लेखांवर चारच नावे आहेत. पहिल्यावर गोल्बू, व्हिक्टर, वोलान्स्की, रिचमंड आणि दुसऱ्यावर व्हिक्टर, गोल्बू, वोलान्स्की, रिचमंड. एरिक वोलान्स्की हे ऑस्ट्रेलियातून काम करणारे, खाड्यांतल्या प्रवाह व गाळाचे नामांकित तज्ज्ञ आणि रॉबर्ट रिचमंड हे ग्वाम व नंतर हवाई येथून सूक्ष्मद्वीपांच्या प्रदेशात, म्हणजे पलाऊ ज्यात मोडतो त्या मायक्रोनेशियात, दीर्घकाळ काम करणारे प्रवाळशास्त्रज्ञ. वयाने, अनुभवाने आणि प्रसिद्ध लेखांच्या संख्येने मोठे असलेले हे दोघे दोन्ही वेळा शेवटी आहेत. शास्त्रीय लेखनात पहिले नाव काम पेलणाऱ्याचे असते. गोल्बू यांची पीएचडी ऑस्ट्रेलियातल्या सदर्न क्रॉस विद्यापीठातून पुढे झाली, म्हणजे आइराईचे काम झाले तेव्हा ते डॉक्टरही नव्हते.

प्रशिक्षण म्हटले की डोळ्यांपुढे कार्यशाळा, प्रमाणपत्र आणि समूहछायाचित्र येते. आपल्याकडे तर ‘क्षमता-बांधणी’ या शब्दाने पुष्कळ चहापान उरकले जाते. आइराईत जे घडले ते गवंड्याने हाताखालच्या माणसाला भिंत उभारायला लावून स्वतः ओळंबा धरावा तसे होते. प्रश्न स्थानिक, जबाबदारी स्थानिक आणि पाहुण्याकडे फक्त ओळंबा. हे घडायला दोन गोष्टी लागतात. पाहुण्याला मागे उभे राहता आले पाहिजे आणि यजमान संस्थेला आपल्या माणसाचा पगार अनुदान संपल्यावरही देता आला पाहिजे. पहिली माणसाच्या स्वभावावर आणि दुसरी पैशावर अवलंबून असल्याने बहुतेक प्रकल्पांत दोन्ही एकत्र भेटत नाहीत.

सभेनंतर

निष्कर्ष आइराईच्या पारंपरिक प्रमुखांपुढे आणि राज्यकारभाऱ्यांपुढे मांडले गेले आणि आइराईत कांदळवन तोडण्यावर स्थगिती आली. पुढे बाबेलदाओबवरच्या राज्यांनी पाणलोट क्षेत्रांसाठी एकत्र येऊन आघाडी उभारली, कारण एका राज्यातला डोंगर दुसऱ्या राज्याच्या खाडीत उतरतो, हे आता मोजून दाखवता येत होते.

हा निर्णय केवळ आकड्यांनी झाला, असे मी म्हणणार नाही. पलाऊत जमीन व पदे यांचा वारसा मुख्यतः आईकडून चालतो, प्रमुख कोण होणार हे घराण्यातल्या ज्येष्ठ स्त्रिया ठरवतात, आणि एवढ्या लहान देशात बोलणारा कोणाचा मुलगा, कोणाचा भाचा, हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. असा माणूस ‘९८ टक्के’ म्हणतो तेव्हा त्याचा आकडा चुकला तर त्याला विमानतळाकडे जाता येत नाही, तो पुढच्या लग्नाला आणि पुढच्या मयताला त्याच लोकांत बसणार असतो. विश्वासाचे हे तारण बाहेरच्या संशोधकाकडे नसते. अर्थात त्याची किंमतही असते. ज्याने डोंगर कापला तोही नात्यातलाच असतो, आणि त्याचे नाव न घेता त्याच्या मातीविषयी बोलणे हे स्थानिक संशोधकाला शिकावे लागणारे, कोणत्याही विद्यापीठात न शिकवले जाणारे कौशल्य आहे.

स्थगितीने काय साधले नाही, तेही नोंदवले पाहिजे. कांदळवन वाचले म्हणजे गाळातला एक हिस्सा अडतच राहिला, पण उरलेला डोंगरावरून येतच होता आणि तो थांबवायचा तर मातीची धूप रोखावी लागणार होती. आधी साचलेला गाळ हलवणारी लाट तर त्या खाडीत मुळी येतच नाही.

अळूची खाचरे

या मालिकेतला मला सर्वांत आवडणारा अभ्यास २०१३चा आहे. पलाऊच्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या पाणथळ खाचरांत अळू लावतात. अशा खाचराला ‘मेसेई’ म्हणतात. आपली भातखाचरे डोळ्यांपुढे आणली तर चित्र पुष्कळसे जुळते. डोंगराच्या पायथ्याशी एकाखाली एक वाफे, त्यांतून सावकाश झिरपत जाणारे पाणी, आणि खाली कांदळवन. या खाचरांत गढूळ पाणी येते आणि नितळ होऊन जाते, हे करणारीला ठाऊकच असते. संशोधकांनी खाचरात शिरणाऱ्या आणि खाचरातून निघणाऱ्या पाण्यातली माती मोजली. खाचर जास्तीत जास्त ९० टक्क्यांपर्यंत गाळ अडवू शकते, असे दिसले. म्हणजे मेसेई आणि कांदळवन मिळून प्रवाळांवर दुहेरी गाळणी धरतात.

या लेखाच्या यादीत व्हिक्टर आणि गोल्बू शेवटी आहेत. दहा वर्षांपूर्वी जी जागा पाहुण्या तज्ज्ञांची होती, तेथे आता तेच दोघे पोहोचले होते आणि पहिली जागा पलाऊच्याच पुढच्या फळीकडे गेली होती. प्रवाळांचा अभ्यास करताना अळूचे खाचर मोजावे, हे ज्याच्या घरी अळू शिजतो त्यालाच सुचण्याची शक्यता जास्त.

पैसा, माणसे आणि बदललेली भूमिका

२००३मध्ये पलाऊने संरक्षित क्षेत्रांचे जाळे उभारण्याचा कायदा केला. २००६मध्ये सूक्ष्मद्वीपांच्या पाच शासनांनी मिळून २०२०पर्यंत किनाऱ्यालगतच्या सागरी संपत्तीपैकी ३० टक्के आणि जमिनीवरच्या संपत्तीपैकी २० टक्के भागाचे परिणामकारक संवर्धन करण्याचे ठरवले. ‘परिणामकारक’ या विशेषणामुळे मोजणाऱ्यांची मागणी वाढली. २००९पासून देशाबाहेर जाणाऱ्या पर्यटकाकडून १५ डॉलर हरित शुल्क घेतले जाऊ लागले, ते पुढे ३० झाले, आणि २०१८पासून विमान तिकिटातच १०० डॉलरची आकारणी आली. या पैशातून संरक्षित क्षेत्रांचा आणि राज्यांच्या रक्षकांचा खर्च निघतो. या रक्षकांनाही केंद्राचे संशोधक पाहणी शिकवतात, म्हणजे शिकलेले आता शिकवणारे झाले. मात्र हा पैसा पर्यटकांच्या पावलांनी येतो, आणि २०२०च्या महासाथीत ती पावले थांबल्यावर त्याचा पायाच डळमळला.

माणसांचा प्रश्न अधिक चिवट आहे. पलाऊच्या महाविद्यालयात दोन वर्षांची पदविका मिळते. पुढे शिकायचे तर ग्वाम, हवाई, जपान किंवा ऑस्ट्रेलिया गाठावे लागते. अमेरिकेबरोबरच्या करारामुळे पलाऊच्या नागरिकाला तेथे व्हिसाशिवाय राहता आणि नोकरी करता येते, म्हणजे जो रस्ता शिक्षणाकडे जातो तोच परत न येण्याकडेही जातो. कोकणाने मुंबईला माणसे कशी दिली हे माहीत असलेल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. १८ हजारांच्या देशात एका संशोधकाने नोकरी सोडली की एखादा कार्यक्रमच थांबण्याची भीती असते.

त्यात केंद्राची भूमिकाही बदलली. १ जानेवारी २०२० रोजी पलाऊने आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्राचा, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या ज्या समुद्रातल्या संपत्तीवर देशाचा हक्क असतो त्याचा, ८० टक्के भाग मासेमारीला बंद केला आणि २०१९च्या दुरुस्तीने या अभयारण्याची जबाबदारी प्रवाळ केंद्रावर सोपवली. सन्मान मोठा, पण माझ्या मते यात एक पेच आहे. आइराईत केंद्राचे वजन होते ते या कारणाने, की त्याला खाडीतून काही नको होते. ज्या संस्थेवर अभयारण्य चालवण्याची जबाबदारी आहे, तिनेच त्याचा परिणाम मोजला तर तो आकडा ऐकताना लोक पूर्वीइतके निर्धास्त राहतील का? खोल समुद्र बंद झाल्यावर बाजारात टुना महाग झाला की नाही, हा प्रश्न मच्छीमार आता थेट संशोधकालाच विचारू शकतो.

दरम्यान बाबेलदाओबवर अळू लावणाऱ्या स्त्रियांचे वय वाढते आहे. आयात तांदूळ स्वस्त आणि सोपा पडतो, तरुण मुली नोकरीला कोरोरला किंवा त्याही पलीकडे जातात, आणि खाचराचे बांध दर वर्षी हाताने बांधावे लागतात. २०१३च्या अभ्यासातला गाळ अडवणारा आकडा मशागतीतल्या खाचराचा होता. बांध फुटलेले, पडीक खाचर त्यातला किती गाळ अडवते, हे मोजायला पाऊस लागताच कोणीतरी होडी काढून निघाले पाहिजे.